माझा प्रबंध, आत्याची चौकशी

बी.टी. झाल्यावर मी मुंबईच्या एका मुलींच्या हायस्कुलात शिकवत होते. तिथं तीन वर्षं काढली आणि विद्यापीठानं शिक्षणशास्त्रात बी.टी.च्या पुढची पदवी सुरू केली. त्यासाठी प्रबंध लिहावा लागे. आम्ही मोजकेच विद्यार्थी होतो आणि बायकांत मी एकटी. संध्याकाळी शाळा सुटली की ट्रामनं विद्यापीठात जायचं, बाकावर बसून सक्तीच्या शिक्षणाचे देशोदेशींचे कायदे उतरवून घ्यायचे. इंग्लंडात कायदा कधी झाला, जर्मनीत कधी, जपानात शंभरातल्या किती मुली शाळेत जातात, हे मला तोंडपाठ होतं. माझ्या गावाशेजारच्या शाळेत किती जातात ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही याचं कधी काही वाटलंही नव्हतं.

विषय ठरवायची वेळ आली तेव्हा मी माझ्या मार्गदर्शक सरांकडे इंग्लंडमधल्या शिक्षणविषयक कायद्यांचा विषय घेऊन गेले. सर बुटके होते, चष्मा कपाळावर चढवून बोलायची त्यांना सवय होती.

"इंग्लंडवर लिहायला इंग्लंडात पुष्कळ माणसं आहेत, बाई," ते म्हणाले. "तुम्ही कुठल्या?"

"किहीमची. अलिबागजवळ."

"तिकडच्या मुली शाळा कधी सोडतात?"

"दुसरी-तिसरीत. चौथीपर्यंत फार थोड्या टिकतात."

"का?"

"पालकांची अनास्था," मी लगेच म्हटलं. सगळ्या अहवालांत हाच शब्द असे.

"कोणत्या पालकाला विचारलंत?"

सरांनी चष्मा खाली घेतला. "मग विचारून या. तोच तुमचा विषय."

किहीमला घरी वडील, म्हणजे अण्णा, होते आणि आत्या होती. वडील शाळाखात्यातून डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. गावोगावचे लोक त्यांना अजून दिपोटी म्हणत. उभ्या जिल्ह्यातल्या शाळा त्यांनी घोड्यावरून, पडावातून आणि वेळ पडली तेव्हा चिखल तुडवत तपासल्या होत्या. मास्तर लोक त्यांना वचकून असत, पण कुणा मास्तरच्या घरी दुखणं असलं तर वडील स्वतः औषध घेऊन जात, हेही मी लहानपणापासून पाहिलेलं. माझी आई मी चार वर्षांची असताना गेली. तेव्हापासून मला आत्यानं वाढवलं. ती वडिलांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. अंगानं काटकुळी, अंगावर विधवेचं लाल आलवण, चालायला लागली की मला मागं टाकी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरात मासिकं येत, वर्तमानपत्र येई, वडील मोठ्यानं वाचून दाखवत आणि ती ऐकता ऐकता तांदूळ निवडी.

माझा विषय ऐकून वडिलांना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच दिवशी दौत-टाक काढला. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघांनी झोपाळ्यावर बसून प्रश्नावली तयार केली. बावीस प्रश्न. मुलीचं वय, इयत्ता, घरापासून शाळेचं अंतर, असे. शेवटचा प्रश्न शाळा सोडण्याच्या कारणाचा होता आणि खाली पाच कारणं छापली होती. दारिद्र्य, बालविवाह, अंतर, आजारपण, पालकांची अनास्था. यांपैकी एकावर खूण करायची. अलिबागच्या छापखान्यातून गठ्ठा आला तेव्हा वडिलांनी एक कागद उन्हात धरून पाहिला आणि म्हणाले, "खात्यानं हे वीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं."

मी एकटीनं गावोगाव हिंडणं शक्य नव्हतं. वडिलांचे गुडघे धरलेले. ते म्हणाले, "आक्का जाईल तुझ्याबरोबर."

"मी कशाला?" आत्या म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

दुसऱ्या दिवशी मी उठले तर तिनं दुधात भिजवलेल्या दशम्या, लिंबाचं लोणचं आणि आपलं पाण्याचं तांब्याभांडं फडक्यात बांधून तयार ठेवलं होतं.

पहिलं गाव किहीमपासून दोन कोस आत, भातशेतीचं. भातकापणी चालू होती. शाळा कौलारू, एका बाजूला ओटी, दोन मास्तर. हेडमास्तर दारातच उभे होते. दिपोटींची लेक येणार म्हणून त्यांनी अंगण सारवून घेतलं होतं. मी कागदांचा गठ्ठा आदल्या आठवड्यात पुढं पाठवला होता. तो त्यांनी माझ्या हातात ठेवला. सगळे कागद भरलेले. अक्षर एकच, सुबक, आणि प्रत्येक कागदावर शेवटच्या कारणापुढं खूण.

"तुम्ही भरलेत?" मी विचारलं.

"तुम्हाला कशाला घरोघर पायपीट?" ते म्हणाले. "पालकांना विचारून तरी काय सांगणार ते? मी इथं चौदा वर्षं आहे. अनास्थाच आहे ही."

त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती. खरोखर मला मदत करत होते ते. आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं. एका दुपारीत एक गाव आटोपलं. मी मुलींच्या वर्गात बसले, हजेरीपटाची नक्कल केली, चहा घेतला.

तेवढ्या वेळात आत्या खळ्यावर जाऊन बसली होती. मी तिला शोधत गेले तेव्हा ती बायकांबरोबर पेंढा बांधत होती. एक तरुण बाई हातातलं काम न थांबवता तिला काही सांगत होती. मी जवळ गेले तशी ती गप्प झाली आणि पदर सावरला.

मी कागद पुढं करून विचारलं, "तुमची मुलगी शाळेत का येत नाही?"

"न्हाय येत," ती म्हणाली.

"का बरं?"

"तुमी म्हनाल तसं लिवा, बाय. मास्तरनी लिवलं असंल की."

परतताना मी आत्याला विचारलं, "काय सांगत होती ती?"

"काही नाही ग. घरातलं. सासू आंधळी आहे तिची, मूल तान्हं आहे." आणि ती भरभर पुढं चालायला लागली.

अशी सहा गावं झाली. सगळ्या कागदांवर अनास्था. मुंबईला गेल्यावर सरांना गठ्ठा दाखवला. त्यांनी वरचे दहा-बारा कागद पाहिले. "हेडमास्तरांचं अक्षर छान आहे," एवढंच म्हणाले. मग गठ्ठा परत देत, "आता जिथं तुमच्या वडिलांना कोणी ओळखत नाही अशा ठिकाणी जाऊन पाहा."

म्हणून नाताळच्या सुट्टीत आम्ही श्रीवर्धनकडे गेलो. तो मुलूख संस्थानचा. तिथलं शाळाखातं वेगळं, तपासनीस वेगळे. परवानगीचं पत्र मागवलं होतं. रेवदंड्याहून बोटीनं निघालो. आत्या आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसली. तिला समुद्र लागला नाही, मला लागला. श्रीवर्धनला बोट धक्क्याला लागत नसे, पडावात उतरावं लागे, तेव्हा तिनंच माझा हात धरला होता.

ज्यांच्याकडे उतरलो त्यांची सुपारीची वाडी होती. अंगणभर सुपारी वाळत पडलेली आणि मागच्या पडवीत शेजारपाजारच्या बायका ती सोलायला येत. मी सकाळी शाळेत जाई. आत्या पडवीत बसे. दुपारी मी परत आले की ती सांगायची: अमकीची मुलगी आजोळी गेली म्हणून सुटली, तमकीला मास्तरनं डाव्या हातावर मारलं आणि ती लिहायची डाव्या हातानं. मला शाळेत यातलं काही कळलेलं नसे. पहिल्या दिवशी मी हसले. दुसऱ्या दिवशी वही काढली. तिसऱ्या दिवशी छापलेले कागद ट्रंकेत तळाशी ठेवले आणि तिच्याशेजारी सुपारी सोलायला बसले. माझा अंगठा चिरला आणि बायका हसल्या. त्यानंतर मात्र त्या माझ्यासमोरही बोलायला लागल्या.

तिथून बैलगाडीनं म्हसळ्याला गेलो. म्हसळ्यात एक उर्दू मुलींचा वर्ग होता, एका घराच्या ओटीवर भरणारा. शिकवणाऱ्या बाई चाळिशीच्या, रुंद चेहऱ्याच्या. सगळे त्यांना उस्तानी म्हणत. आम्ही पोचलो तेव्हा आधी कानावर आला तो लहान मुलांचा गलका. ओटीच्या आढ्याला दोन झोळ्या टांगलेल्या, दोन्हींत तान्ही मुलं. रांगणारी तीन-चार खाली चटईवर. मुली मांडीवर पाटी घेऊन मोठ्यानं धडा वाचत होत्या आणि झोळीजवळची मुलगी वाचता वाचता पायाच्या अंगठ्यानं दोरी ओढत होती.

"हा वर्ग आहे?" मी विचारलं. मी बी.टी.ला वर्गव्यवस्थेत पहिली आले होते.

"वर्गच हाय," उस्तानी म्हणाल्या. "ह्यांचे बाप जहाजावर. आई घरातलं बघते, वाडीतलं बघते. पोरगी घरात ऱ्हायली तर तान्ह्यासाठी. मग तान्ह्यालाच बोलवलं मी. तान्हा आला की पोरगी येते."

"तपासायला येतात ते काही बोलत नाहीत?"

"आले होते. म्हटलं, साहेब, झोळी काढते, मग पोरी मोजा. त्यांनी मोजल्या नाहीत. चहा पिऊन गेले."

आत्या ओटीच्या कडेला बसली होती. उस्तानींनी तिच्या आलवणाकडे पाहिलं, पाणी विचारलं नाही. आतून एक शहाळं आणवलं आणि तिच्यासमोरच सोलायला लावलं. आत्या ते प्याली. बिऱ्हाडी परतल्यावर तिनं आंघोळ केली हेही मी लपवत नाही. तेव्हाची माणसं तशी होती. पण त्या ओटीवर ती तासभर बसली, झोळीची दोरी हातात घेतली, आणि धडा संपेपर्यंत ओढत राहिली.

या वर्गात चौथीला मुली होत्या, पाचवीलाही दोघी. आमच्या बाजूच्या सहा गावांत मिळून चौथीला जेवढ्या होत्या त्याहून जास्त.

गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "तुझ्या कागदावर एक प्रश्न वाढव."

"कोणता?"

"तान्ही भावंडं बरोबर आणू देतात का, म्हणून. आणि पूर्वी देत होते का, तेही विचार."

"पूर्वी का?"

"विचार तर," ती म्हणाली आणि बाहेर बघत बसली.

सुट्टी संपायला दोन दिवस उरले होते. किहीमला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पहिल्या गावच्या शाळेत गेले. आत्या बरोबर होतीच. हेडमास्तरांना मी हा नवा प्रश्न विचारला.

"छे, आणू देत नाही," ते अभिमानानं म्हणाले. "पूर्वी फार अव्यवस्था होती. तुमच्या वडिलांनीच शिस्त लावली. थांबा, दाखवतो." आणि त्यांनी कपाटातून जुनं शेरेबुक काढलं. तपासणीला आलेले साहेब त्यात आपला शेरा लिहून जात. त्यांनी पान उघडून माझ्यापुढं ठेवलं. "अक्षर बघा साहेबांचं. मोत्यासारखं."

वडिलांचं अक्षर मी ओळखणार नाही असं कसं होईल. लिहिलं होतं: मुली लहान भावंडांस वर्गात आणतात. त्यामुळे शिस्त व अध्यापन यांस व्यत्यय येतो. ही प्रथा ताबडतोब बंद करावी. खाली सही.

मी त्या वर्षीचा हजेरीपट मागितला. शेऱ्याच्या आधी तिसरीत अकरा मुली होत्या. पुढच्या दोन महिन्यांत एकेकीच्या नावापुढं गैरहजर, गैरहजर, आणि मग लाल शाईची रेघ. उरल्या तीन. तिघीही घरातल्या शेंडेफळ असाव्यात, किंवा एकुलत्या एक. पुढं सहाही गावांची शेरेबुकं मी पाहिली. चार ठिकाणी तोच शेरा, तेच अक्षर.

परतीच्या वाटेवर एक विहीर होती. तिथं कठड्यावर आम्ही टेकलो.

"तुला ठाऊक होतं," मी म्हटलं.

"त्या खळ्यावरच्या पोरीनं सांगितलं होतं पहिल्या दिवशीच. तिसरीत होती ती. भावाला घेऊन जायची. दिपोटी आला आणि मास्तरनं दोघांना घरी धाडलं."

"मग मला का नाही बोललीस?"

"विचारलंस कुठे? तुझ्या कागदावर तो प्रश्न नव्हता." मग म्हणाली, "आणि तुझ्या बापाचं नाव मी कशाला घेऊ?"

मी रागावले होते. कोणावर ते मला नीट सांगता आलं नसतं. तिनं तांब्यातलं पाणी मला दिलं, स्वतः प्याली आणि पदरानं तोंड पुसलं.

"मी पण शाळेत गेले होते," ती म्हणाली.

हे मी कधीच ऐकलं नव्हतं.

"चार महिने. आपल्या गावात मुलींची शाळा निघाली तेव्हा. वडील म्हणाले, जाऊ दे. आई बाळंतपणानं खंगलेली, मग काखेत तुझा बाप. दीड वर्षाचा. गोरागोमटा, पण रडका. बाराखडी झाली माझी. एक दिवस त्यानं पंतोजींच्या पुस्तकावर शू केली. पंतोजी म्हणाले, याला घरी ठेवून ये. घरी कुणाकडे ठेवू? मग मीच राहिले घरी."

"अण्णांना ठाऊक आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस. त्याचा काय दोष? दीड वर्षाचा होता." ती हसली. "पाटीवरचा ग गणपतीचा अजून काढता येतो मला. त्याच्या पुढचं पुसून गेलं."

मी तिला वचन दिलं. ते मी, ती आणि अण्णा असेतोवर पाळलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी प्रबंध लिहून काढला. इंग्रजीतच लिहायचा होता. बायकांनी सांगितलेलं सगळं इंग्रजीत उतरवताना मला घाम फुटे. काखेतलं पोर, कडेवरचं पोर, पाठचं पोर, पायांवरचं पोर, या सगळ्यांना तिकडे एकच शब्द मिळायचा. शेऱ्याचं प्रकरण लिहिताना 'एका तपासणी अधिकाऱ्याच्या सूचनेनंतर' असं लिहिलं. गावांची नावं घातली नाहीत. आणि प्रकरण पुरं झालं तेव्हा ते वडिलांना दाखवायचं की नाही यात चार दिवस घालवले. त्यांना न दाखवता विद्यापीठात देणं मला जमेना.

त्यांनी ते सकाळी झोपाळ्यावर बसून वाचलं. पानावर बोट ठेवून वाचायची त्यांची सवय होती. एका जागी बोट थांबलं ते बराच वेळ तिथंच होतं. जेवायला दोनदा हाक मारली तेव्हा उठले.

"माझाच शेरा ना?" त्यांनी विचारलं.

"हो, अण्णा."

"त्या दिवशी चार पोरं एकदम रडत होती. मी एका मुलीला वाचायला सांगितलं. तिचे ओठ हलत होते, शब्द ऐकू येईना. मास्तर घामाघूम झालेले. मला वाटलं, त्यांची सोय करतो आहे." ते पाटावर बसले. "तासभर होतो तिथं. शेरा लिहिला आणि पुढच्या गावी गेलो. पुढच्या तपासणीला शांत होता वर्ग. मी मास्तरांना शाबासकी दिली. वर्ग शांत का आहे ते पाहिलं नाही, मुली मोजल्या नाहीत."

"हे प्रकरण काढून टाकू का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शाळा तपासताना चुकीचं उत्तर आलं की ते असे बघत असणार. "खोटं आहे का?"

"नाही."

"मग कसं काढशील? एक दुरुस्ती मात्र कर. 'ताबडतोब बंद करावी' याचं इंग्रजी तू फार मऊ केलं आहेस. मी तसं लिहिलं नव्हतं."

त्यांनी स्वतः पेन्सिल घेऊन समासात कडक शब्द लिहिला. तोच प्रबंधात आहे.

आत्या वाढत होती. भात घेता घेता त्यांनी विचारलं, "आक्का, तुझ्या लहानपणी आपल्या गावात मुलींची शाळा होती ना ग? तू का नाही गेलीस?"

मी पानात बघत राहिले.

"मला नाही आवडायची शाळा," आत्या म्हणाली. "पंतोजी तंबाखू खाऊन बोलायचे. वरण घालू का?"

वडील हसले आणि पान पुढं केलं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आपल्या जागी आलेल्या साहेबांना पत्र लिहिलं, की मी अमुक शाळांना दिलेली सूचना चुकीची होती, ती मागं घ्यावी. उत्तर अत्यंत नम्र आलं. तसं कोणतंही परिपत्रक दप्तरात आढळत नाही, सबब ते मागं घेण्याचा प्रश्न उद्भवत नाही. वडिलांनी पत्र मला वाचून दाखवलं. "मसुदा चांगला आहे," ते म्हणाले. "मीही असाच लिहिला असता."

मग गुडघ्याला तेल लावून, गाडी करून, ते आत्याला आणि मला घेऊन त्या गावी गेले. हेडमास्तर गडबडून गेले. वडिलांनी सांगितलं, "मास्तर, मुलींना भावंडं आणू द्या."

"पण साहेब, आपला शेरा आहे."

"तो मी चुकून लिहिला."

"शेरा खोडता येत नाही, साहेब."

"नका खोडू. शेरा आहे तिथं राहू द्या आणि पोरांना येऊ द्या."

हेडमास्तर बिचारे खरोखर अडचणीत होते. पोरं आली तर शिकवायचं कसं, हा प्रश्न त्यांचा होता आणि तो खोटा नव्हता. दोन मास्तर, चार इयत्ता, त्यात रडारड. दोघं शिक्षणखात्यातले अनुभवी पुरुष ओटीवर एकमेकांकडे बघत उभे राहिले.

आत्या म्हणाली, "खळ्यावरच्या त्या पोरीची सासू काय करते दिवसभर?"

"कोण सासू?" वडिलांनी विचारलं.

"आंधळी आहे. घरात बसून असते. दोरी ओढायला डोळे कशाला लागतात?"

आत्या स्वतःच जाऊन त्या म्हातारीला विचारून आली. म्हातारी आधी म्हणाली, "मी साळंत? माजं काय काम हाय थितं?" मग म्हणाली, "पोरं माजीच हायेत समदी." पावसाळ्यात लावणीची घाई आटोपली तेव्हा शाळेच्या ओटीवर झोळ्या बांधल्या गेल्या. म्हातारी सकाळी नातवाचा हात धरून यायची, खांबाला पाठ टेकून बसायची आणि दोन्ही हातांत दोन दोऱ्या. रडणाऱ्या पोराला ती आवाजावरून ओळखी. आमच्या हेडमास्तरांनी पहिला महिना कपाळाला आठ्या घातल्या. दिवाळीला मी गेले तेव्हा ते मला सांगत होते, की ओटी आणि वर्ग यांच्यामध्ये कुडाची भिंत घातली तर आवाज निम्मा होईल, आणि ती त्यांनी घालायला घेतली होती.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक परीक्षक होते. ते वाईट नव्हते, कोरडे होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या छापील प्रश्नावलीची उत्तरं एक सांगतात आणि तुमचे निष्कर्ष दुसरंच. निष्कर्षांचा आधार 'खाजगी संभाषणं' असा दिला आहे. ही संभाषणं कोणी नोंदवली?"

"मी नोंदवली. पण बरीचशी माझ्या आत्यानं ऐकली."

"त्यांचं शिक्षण?"

"चार महिने," मी म्हटलं.

सर माझ्या शेजारी बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. परीक्षक थोडा वेळ पानं चाळत राहिले आणि मग पद्धतीच्या मर्यादांविषयी बोलले. ते जे बोलले त्यातलं पुष्कळसं बरोबर होतं. मला पदवी मिळाली, दुसऱ्या वर्गात. प्रबंध छापावा असं कुणी सुचवलं नाही.

बांधलेली एक प्रत मी घरी नेली. वडिलांनी मुखपृष्ठावरून हात फिरवला आणि प्रत आत्याच्या मांडीवर ठेवली. ती दळण ठेवून हात पुसून आली होती. तिनं पानं उलटली, इंग्रजी अक्षरं पाहिली.

"यात म्हसळ्याची ती बाई आहे?"

"आहे."

"वाच."

मी वाक्यावाक्याला मराठी करत ते प्रकरण तिला वाचून दाखवलं. श्रीवर्धनच्या पडवीतलं आलं तेव्हा तिनं मला थांबवलं.

"तीन बायका लिहिल्यास तू. चार होत्या."

"चौथी कोण?"

"भिंतीशी बसली होती ती. बोलली नाही. पण मुलीविषयी बोलणं निघालं की हात थांबायचा तिचा. तीही धर."

वडिलांनी मला पेन दिलं. घरच्या प्रतीत मी तीनचे चार केले. विद्यापीठातल्या प्रतीत अजून तीनच आहेत, आणि ती कुणी कपाटातून काढली असेल असं मला वाटत नाही. त्या गावच्या शाळेत मात्र पुढच्या वर्षी तिसरीत पुन्हा मुली दिसू लागल्या. सगळ्या चौथीला गेल्या नाहीत. दोघींची लग्नं झाली, एकीला बापानं मुंबईला नेलं. आत्या अधूनमधून त्या बाजूला जाऊन येई, आणि मला पत्र लिहायची वेळ आली की वडिलांना सांगे, "लिही, भिंत पुरी झाली. पण मास्तर अजून रडण्याला कंटाळतात."